आमदार साहेब, अहवाल मिळाला, पण पर्वरीत, विधानसभेत काय केलंत?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या आमदारांचा कार्यअहवाल घरी आला. वाड्यावरचा एक पोरगा स्कूटरवरून टाकून गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याचीच पीडीएफ ग्रुपवर पण फिरायला लागली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पहिल्या पानावर हात जोडलेले आमदार. मी सगळा वाचून काढला. आधीच सांगतो, मतदारांना काय केलं ते लिहून कळवणं ही चांगलीच गोष्ट आहे, गोव्याच्या ४० आमदारांतले बरेच जण एवढं पण करत नाहीत, त्यामुळे ह्या पत्राला कुणी विरोधकाचं पत्र समजू नये. फेब्रुवारी २०२२ मधे मत कुणाला दिलं ते माझ्याजवळच राहूदे.

तर अहवालात काय आहे? हॉटमिक्स रस्ते, वाडावाईज यादी. गटारं, संरक्षक भिंती, देवळासमोर पेव्हर्स, स्मशानभूमीला शेड, हायमास्ट दिवे, डोळे तपासणीचा कॅम्प, आमदार चषक क्रिकेट, चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) सामान, गृह आधार आणि लाडली लक्ष्मी ह्या सरकारी योजनांची मंजुरीपत्रं वाटतानाचे फोटो. नारळ फोडतानाचे फोटो तर इतके की एका पानावर मावले नाहीत. हे सगळं झालेलं आहे, खोटं काही नाही, आमच्या घराकडचा रस्ता पण झालाय आणि चांगला झालाय. पण यादी संपली आणि शेवटच्या पानावर शुभेच्छांच्या जाहिराती लागल्या तरी विधानसभा हा शब्द मला फक्त "विधानसभा मतदारसंघ" एवढ्यातच सापडला. पर्वरीत हा माणूस उठून काय बोलला, कुठला प्रश्न विचारला, मंत्र्याने काय उत्तर दिलं, कुठल्या विधेयकाला हात वर केला, एक ओळ पण नाही.

आमच्याकडे हे असं का होतं ते पण समजतं. गोव्यात २०२२ ला साडेअकरा लाखांच्या वर मतदार होते, म्हणजे एका आमदारामागे साधारण २९ हजार. तिकडे महाराष्ट्रात एका आमदारामागे तीन लाखांच्या वर लोक. आमचा आमदार लग्नाला येतो, मयताला येतो, त्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमधे असतो, दिवा गेला की आपण पंचाला (पंचायत सदस्याला) सोडून त्यालाच फोन लावतो. मग तो पण हळूहळू मोठा पंच होऊन बसतो. गटार पंचायतीचं, रस्ता खात्याचा, मंजुरीपत्र समाजकल्याण नाहीतर महिला बालकल्याणचं, पण फोटो सगळीकडे आमदाराचा. त्यात चूक आपली पण आहे हे मान्य. पण पंच जे करू शकत नाही असं एकच काम आहे, सरकारला सभागृहात उभं करून विचारणं, आणि नेमकं त्याचाच हिशोब नाही.

पाण्याचं घ्या. ऑगस्ट २०२२ मधे गोवा देशातलं पहिलं "हर घर जल" प्रमाणित राज्य झालं, पेपरात केवढ्या जाहिराती आल्या होत्या. नळ घरोघरी आहेत हे खरंच, माझ्या घरी पण आहे, एप्रिल-मे मधे त्यातून हवा येते. उत्तर गोव्याचं पाणी मोठ्या प्रमाणावर तिळारीवर चालतं, धरण तिकडे महाराष्ट्रात दोडामार्गात, कालवा आपल्याकडे येतो, बारदेशला अस्नोड्याहून आणि पेडण्याला चांदेलहून शुद्ध होऊन पाणी सुटतं. कालव्याला भगदाड पडलं किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की आमठाण्याच्या धरणातून पंप लावून वेळ मारून नेतात. हे दरवर्षीचं आहे, दरवर्षी "दोन दिवसांत सुरळीत होईल" अशी नोटीस येते आणि टँकरवाल्याचा धंदा जोरात चालतो. अहवालात ह्यावर काय, तर "जलवाहिनी बदलण्याचे काम प्रगतिपथावर" आणि बाजूला जेसीबीसमोर उभे राहिलेले आमदार.

अहो, पाइप बदलून काय होणार, पाइपात पाणी यायला पाहिजे ना. मला मतदार म्हणून हे कळायला पाहिजे की तिळारीच्या कालव्याच्या दुरुस्तीबद्दल आमच्या आमदाराने सभागृहात विचारलं का, खर्च कुठल्या राज्याचा किती, काम कुठपर्यंत आलं, कालवा बंद असताना आमठाण्याचं पाणी किती दिवस पुरतं, शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता किती आणि किनाऱ्याकडची हॉटेलं, नवे कॉम्प्लेक्स ह्यांची मागणी किती वाढली. हे आकडे मंत्र्याला लेखी द्यावे लागतात. प्रश्न तारांकित असला तर सभागृहात तोंडी उत्तर आणि वर उपप्रश्न, अतारांकित असला तरी लेखी उत्तर मिळतं, विधानसभेच्या वेबसाइटवर चढतं पण. आपल्याकडे सगळे एलएक्यू एलएक्यू म्हणतात तेच हे. पण ते इंग्रजीत, शंभर पानांची परिशिष्टं, आमच्या गावात कोण उघडून वाचणार? ते सोप्या मराठी-कोंकणीत करून आम्हाला सांगणं हेच तर कार्यअहवालाचं काम.

आणि कॉम्प्लेक्सचा विषय निघालाच आहे म्हणून. नगर नियोजन कायद्यात २०२३ मधे १७(२) कलम आलं, २०२४ मधे ३९अ आलं, शेताचं, डोंगराचं झोन बदलून सेटलमेंट, म्हणजे घरं बांधता येतील असं, व्हायला लागलं. १७(२) चे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं हायकोर्टाने मार्च २०२५ मधे रद्द केली. गावागावात लोक ग्रामसभेत ओरडतात, ठराव घेतात, पण कायदा ग्रामसभेत होत नाही, पर्वरीत होतो. विधेयक आलं तेव्हा आमचे आमदार काय बोलले? बाजूने बोलले असतील तर बाजूने लिहावं, का ते सांगावं, कदाचित मला पटेल पण. गप्प बसले असतील तर ते पण लिहावं. वर डोंगर कापायला परवानगी आणि खाली नळाला पाणी नाही, ह्या दोन गोष्टी एकाच अहवालात शेजारी शेजारी आल्या तर लोकांना आपोआप कळेल.

घरांच्या विषयात मात्र आमदारांनी दोन पानं दिलीत, "माझे घर" योजनेची. फॉर्म वाटतानाचे फोटो आहेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारी आणि कोमुनिदादच्या (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेच्या) जमिनीतली २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरं नियमित करायची विधेयकं झाली, त्याच्यावर ही योजना उभी आहे. गरिबाचं घर वाचलं तर आनंदच आहे. पण फॉर्म वाटणं हे काम पंचायतीचा क्लार्क पण करतो. आमदाराने सांगायला पाहिजे की कोमुनिदादींनी ह्याला हरकत घेतली त्यावर सरकारचं म्हणणं काय, आपल्या मतदारसंघात किती अर्ज आले, किती मंजूर, किती नाकारले आणि का.

आणि मुंडकारांचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचं, काय झालं? मुंडकार कायदा १९७५ चा आहे. पंचायत भागात मुंडकाराला घर आणि भोवतालची जागा मिळून ३०० चौरस मीटरपर्यंत विकत घ्यायचा हक्क त्यात आहे, पन्नास वर्षं झाली. आमच्या वाड्यावर अशी घरं आहेत जिथे आजोबांनी मामलेदाराकडे अर्ज केला आणि आता नातू तारखेला जातो. भाटकार गेला, त्याचे वारस पोर्तुगालात नाहीतर मुंबईत, नोटीस लागत नाही, तारीख पुढे. प्रत्येक निवडणुकीत कूळ-मुंडकारांचे खटले निकालात काढू असं ऐकतो, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात कूळ कायदा आला तेव्हापासून हा विषय राजकारणात आहे. एका मामलेदाराच्या कार्यालयात किती खटले पडून आहेत एवढा एक अतारांकित प्रश्न विचारायला काय लागतं? विचारला असेल तर उत्तर छापा, नसेल तर पुढच्या अधिवेशनात विचारा.

बाकी दोन गोष्टी पटकन. माकडांनी कुळागरात नारळ, केळी काही ठेवलं नाही, गवे शेतात येतात, नुकसानभरपाईचा अर्ज करून लोक कंटाळले. आणि संध्याकाळची शेवटची बस, ती आली तर आली. अहवालात दोन्ही नाहीत, कारण ह्यात फीत कापायला काही मिळत नाही.

मला जो अहवाल हवाय तो चार पानांत बसेल आणि साधा काळा-पांढरा चालेल. कुठल्या अधिवेशनात किती दिवस हजर होतो, काय विचारलं, काय उत्तर आलं, मंत्री "करून देतो" म्हणाले ते झालं का. सभागृहात मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते हे गावात कितीजणांना माहीत आहे? शुक्रवारी खासगी ठराव मांडता येतात, त्यात आमच्या तालुक्याचा एखादा होता का? आणि जमलं नाही ते पण लिहा हो, लोक तेवढे समजूतदार आहेत. सप्टेंबर २०२२ मधे काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी पक्ष बदलला, त्याच्या आधी २०१९ मधे १० जणांनी, तेव्हा "मतदारसंघाच्या विकासासाठी" हे कारण सगळ्यांच्या तोंडी. ज्यांनी असं काही केलं असेल त्यांच्या अहवालात तर त्या विकासाचं वेगळं पान पाहिजेच. आमचे त्यात होते की नव्हते हे मी मुद्दाम लिहीत नाही.

एक शंका लोक काढतील की सत्तेतला आमदार स्वतःच्याच सरकारला अडचणीत आणणारे प्रश्न कसा विचारणार. विचारतात की, अधिवेशनाचं लाइव्ह बघितलं तर सत्ताधारी बाकावरून पण वीज, पाणी, रस्ते ह्यावर मंत्र्याला चांगलं पिळतात. म्हणजे आमच्या आमदारांनी पण विचारलं असेल, कदाचित खूप चांगले प्रश्न विचारले असतील, पण छापणाऱ्याला वाटलं असणार की लोकांना गटारच बघायचंय.

आता पेपरकडे एक मागणी. अधिवेशन चालू असताना तुम्ही गोंधळ, सभात्याग, सभापतींनी कुणाला झापलं हे पहिल्या पानावर देता, आम्ही आवडीने वाचतो पण. त्याच्या सोबत आत कुठेतरी अर्धं पान तालुकावार द्या, आज बारदेशच्या आमदारांनी काय विचारलं, सत्तरीच्या, पेडण्याच्या, सासष्टीच्या, आणि उत्तर दोन ओळींत. पत्रकार गॅलरीत तुमचा माणूस बसलेला असतोच. ती कात्रणं मी पंचायतीच्या बोर्डावर लावायची जबाबदारी घेतो, सचिवांशी बोलून झालंय, पुढच्या ग्रामसभेत आमदारांना बोलवायचा विषय पण लेखी दिलाय.

आपला,
एक मतदार, उत्तर गोवा
(नाव छापू नये ही विनंती)