चॅटबॉट आजच्या एआयच्या आधीपासूनच आहेत

संपादक महोदय,

चॅटबॉट म्हटलं की हल्ली एआयचीच चर्चा होते. पण आयआरसी या जुन्या इंटरनेट चॅटवरचा एगड्रॉप हा बॉट 1993 चा, आणि टीसीएल भाषेतल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, जोडून तो वाढवता येतो. मी ऑफिसच्या चॅटवर हुबॉट नावाचा असाच बॉट चालवते. त्याच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये फाइल टाकून बॉट पुन्हा सुरू केला की तो नवं काम करू लागतो. फाइलमध्ये ‘हिअर’ लिहिलं तर तो प्रत्येक संदेश तपासतो. ‘रिस्पॉन्ड’ लिहिलं तर नावाने हाक मारल्यावरच बोलतो. मला हा दुसरा प्रकारच पसंत. मध्येच तोंड घालणारे सहकारी काय कमी आहेत? नवशिक्यांनी टोकन, म्हणजे बॉटला चॅटमध्ये प्रवेश देणारी गुप्त किल्ली, मात्र स्क्रिप्टमध्ये लिहू नये, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे फाइलबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवावं. नाहीतर फाइल कुणाला पाठवली की टोकनही सोबत जातं.

– एक प्रोग्रॅमर वाचक