मुतखडा पाहताना महाधमनी मोजणाऱ्या डॉक्टर मॅडम यांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

गेल्या आषाढात मी आपल्याकडे मुतखड्याची सोनोग्राफी करून घेण्यास आलो होतो. खडा सापडला, तेवढेच लिहून आपण मला मोकळे केले असते तरी कोणी बोल लावला नसता, कारण बाहेरच्या बाकावर वीसेक माणसे खोळंबली होती. परंतु आपण बेंबीच्या वर पुन्हा तपासले आणि जी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, पोटात साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, ती माझ्या पोटात ६.२ सेंटिमीटरपर्यंत फुगल्याचे मोजून काढले.

चाळीस वर्षे विडी ओढल्याचे सांगितले तेव्हा आपण रागावला नाहीत. पुरुषांमध्ये फुगा ५.५ सेंटिमीटरचा झाला की शस्त्रक्रियेचा विचार करतात, न दुखताही तो फुटू शकतो, हे आपण कागदावर चित्र काढून समजावलेत. सोयाबीनची कोळपणी उरकून जातो, असे मी म्हणताच आपण माझ्या मुलाला फोन लावलात. त्या फोनमुळेच मी वेळेत छत्रपती संभाजीनगरला पोहोचलो.

फुगा मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांच्या फार जवळ असल्याने जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धमनीच्या आत बसणारी जाळीदार आधाराची नळी, बसवता आला नाही; पोट उघडून डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी शिवावी लागली. अतिदक्षता विभागात शुद्धीवर आलो, तेव्हा एक सिस्टर माझ्या पावलांवर बोटे टेकवून उभ्या होत्या. लेकीच्या वयाच्या बाईने पायाला हात लावावा याचा मला संकोच वाटला आणि तसे मी खुणेने सांगितलेही. नव्या नळीतून रक्त खाली पोहोचते की नाही, हे पावलांच्या नाडीवरून कळते, असे त्या म्हणाल्या आणि रात्रभर पुन्हा पुन्हा ती नाडी पाहत राहिल्या. पोटाशी उशी घट्ट धरून खोकायलाही त्यांनीच शिकवले; टाके तुटतील या भीतीने मी तोवर श्वाससुद्धा अर्धाच घेत होतो. त्यांचे आणि शल्यचिकित्सकांचे आभार मी तिथेच मानले. आपले मात्र राहून गेले होते.

विडी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून बंद आहे. हा आजार सख्ख्या भावंडांतही आढळतो, असे आपण म्हणाला होता. माझे धाकटे बंधू पासष्ट वर्षांचे आहेत आणि तेही विडी ओढतात. येत्या सोमवारी त्यांना घेऊन येत आहे. त्यांना मुतखडा नाही. कृपया त्यांची महाधमनी पाहावी.

आपला कृतज्ञ,
बीड जिल्ह्यातील एक शेतकरी