नोव्हेंबरातला ट्राउट

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, काठावर बर्फ असताना मासा गळाला लागतो तरी कसा, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते सांगणं जमलं नाही.

कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीवर १९०५ साली पूर्ण झालेलं चीझमन धरण आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं आणि तळाशी बसतं. तेच खालून सुटतं, म्हणून धरणाखालची घळ हिवाळ्यातही बरीचशी वाहती राहते. पण या गारठ्यात ट्राउट मासा धारेतून निघून संथ, खोल पाण्यात तळाशी जातो आणि खाण्यासाठी हातभरही हलत नाही. घास त्याच्या तोंडापुढूनच जायला हवा.

गांडूळ इथे चालत नाही. घळीत फक्त कृत्रिम आमिषाला परवानगी आहे आणि प्रत्येक ट्राउट परत सोडायचा असतो. गळावर दोरा आणि बारीक तार गुंडाळून चिलटाची अळी बनवतात. गळ २० ते २२ नंबरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान. दोरीच्या टोकाला गळ बांधायचा दोरा ०.१३ मिलिमीटर जाडीचा. आमिषाच्या वीतभर वर वजनाची बारीक गोळी, आणि पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बोया, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा.

मासा लागेना की लोक आमिष बदलत बसतात. बहुतेकदा कमी पडतं ते वजन. आमिष तळाला अधूनमधून अडखळेपर्यंत एकेक गोळी वाढवावी. दुसरं म्हणजे, मधल्या जोरदार धारेत दोरीला पोट येतं आणि आमिष फरफटतं. बोया फेसापेक्षा किंचित हळू जायला हवा. पुढे पळाला, तर दोरी उचलून ते पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं. गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्या असतात, त्यांत बर्फ धरला तर तो बोटांनी खरवडू नये, टोक मोडतं. काठी नदीत बुडवावी. पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, बर्फ सुटतो.

सर्वांत जपायचं ते वेगळंच. ब्राउन ट्राउट याच दिवसांत अंडी घालतो. मादी शेपटीने खडी उकरते आणि काळपट तळावर परातीएवढा स्वच्छ, फिकट डाग दिसतो. तिथे गळ टाकायचा नाही, पाऊल तर मुळीच नाही. अंडी खडीखाली असतात, वजनाने चिरडतात. तिथे बसलेला मासा सहज लागतो, आणि म्हणूनच त्याला सोडून द्यावं. लागलेला मासाही जाळीत, पाण्यातच ठेवून सोडवायचा. हवा शून्याखाली असली की कल्ले गोठतात.

आई, तुझ्यासाठी: छातीपर्यंतची जलरोधक विजार असते, कमरेचा पट्टा आवळलेला, म्हणजे पडलं तरी आत फारसं पाणी भरत नाही. लोकरी मोज्यांचा एकच जोड. दोन घट्ट बसले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, अकरा ते तीनच थांबायचं. कोरडे कपडे गाडीत असतात.

कळावे,
तुमची धाकटी