खाडीच्या पाण्याला एकच तापमान नसतं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत खाडीत पोहण्याविषयी आलेल्या लेखासोबत एक तक्ता होता. महिना, पाण्याचं सरासरी तापमान आणि त्यापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका. लेखाबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो मेहनतीने लिहिला होता. तक्रार तक्त्याबद्दल आहे. असे तक्ते मोबाइलवर फिरत राहतात, लेखातल्या सूचना मागे पडतात आणि लोकांच्या लक्षात राहतो तो फक्त हिरवा ठिपका.

मुळात खाडीचं तापमान कुठे आणि कधी मोजलं, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. उघडा समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. उत्तरेकडच्या समशीतोष्ण किनाऱ्यांवर त्याचं पाणी सर्वात गार असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन थंडी सरल्यावर. खाडी उथळ, त्यामुळे तिचा स्वभाव चंचल. उन्हाळ्यात ती समुद्रापेक्षा ऊन असते, थंडीत समुद्रापेक्षा गार. एका दिवसातही फरक पडतो. ओहोटीत उघडा पडलेला चिखल दुपारभर तापतो आणि त्यावरून चढणारी भरती काठाशी छान कोमट लागते. तिथून थोडं पुढे, मुख्य पात्रात, पाणी चांगलंच गार असू शकतं. शिवाय नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि समुद्राचं खारं पाणी जड म्हणून तळाने आत सरकतं. या दोन थरांचं तापमान सारखं असेलच असं नाही. नदी बर्फाच्या डोंगरातून येत असेल, तर वसंतात वरचाच थर गारठलेला असतो. थर्मामीटर धक्क्यावरून बुडवला की पात्रातून, वर की खोल, सकाळी की दुपारी, यावर आकडा ठरतो.

तक्त्यात वसंताचे महिने पिवळे आहेत. माझ्या मते गार प्रदेशात हेच महिने सर्वात फसवे. हवा उबदार, अंगावर ऊन, आणि पाणी मात्र अजून हिवाळ्यातलंच. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक उतरला, तर श्वास आपोआप आत खेचला जातो, मग धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम वाढतात. पहिला श्वास खेचताना तोंड पाण्याखाली असेल, तर उत्तम पोहणाराही तिथेच संपू शकतो. थंड पाण्यात माणूस गारठून मरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळांवर गारठण्याची वेळच येत नाही. कॅनडाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी हे एक-दहा-एक अशा हिशेबात बसवलं आहे: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणून गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट-दीड मिनिट पोहायच्या भानगडीत न पडता पाठीवर तरंगावं, तोंड वर ठेवावं, श्वास ताब्यात आला की मग काय ते करावं. शाळेत पोहणं शिकवताना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

सर्वात ऊन महिन्यांना आपण बिनधास्त हिरवा ठिपका दिला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे खुल्या पाण्यातल्या शर्यतीत अमेरिकेचा जलतरणपटू फ्रॅन क्रिपेन याचा मृत्यू झाला. पाणी फार ऊन होतं. पाण्यात घाम येतो, पण तो वाळून अंग निवत नाही. आज जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांत खुल्या पाण्याच्या शर्यतीसाठी १६ अंशांची खालची मर्यादा आहे, तशीच ३१ अंशांची वरचीही आहे. त्यात खाडीचं पाणी मचूळ. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जीवाणू अशाच कोमट, निमखाऱ्या पाण्यात फोफावतो आणि उघड्या जखमेतून शरीरात शिरतो. अशी लागण क्वचित होते, पण झालीच तर जिवावर बेतू शकते. कालवांच्या शिंपल्याने पाय कापला असेल, तर पाणी कितीही सुखद असो, त्या दिवशी उतरू नये.

आणि आता तक्त्यात नावालाही नसलेली गोष्ट: भरती-ओहोटी. खाडीतलं खरं बळ तिचं आहे. ओहोटी सहा तासांची धरली, तर पाणी सगळे तास सारखं उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत निघून जातं. हा ढोबळ हिशेब आहे, खाडीच्या आकाराप्रमाणे तो बदलतो. पण मधल्या तासांची ओढ मोठी, हे कायम. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं तेव्हा ती आणखी वाढते, आणि ओहोटीला नदीच्या पुराची जोड मिळाली की बोलायलाच नको. मुखाशी पात्र अरुंद होतं, तिथे पाणी धावतं. सेकंदाला एक मीटर प्रवाह म्हणजे काठावरून पाहणाऱ्याला चालीचा वेग वाटतो, पण साधारण पोहणाऱ्याला त्याच्याविरुद्ध जागचं हलता येत नाही. पुरुषांच्या १५०० मीटर शर्यतीतले जगातले सर्वोत्तम जलतरणपटूही सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपासच असतात. ओढीत सापडलेल्याने उलट न पोहता काठाच्या दिशेने आडवं तिरकं निघावं, जमेना तर तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. भरतीचा धोका वेगळाच. मधल्या वाळूच्या दांड्यावर माणसं कोरडी उभी असतात आणि त्यांच्या पाठीमागची खोल नाळ आधी भरते. परतीची वाट बंद झाल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे भरतीचं कोष्टक असतंच, ते आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेलं मी पाहतो. माझी विनंती इतकीच, की पुढच्या वेळी तापमानाच्या शेजारी त्या आठवड्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात आणि उधाणाचे दिवस ठळक करावेत. आकडा कुठे, किती वाजता आणि किती खोलीवर घेतला, तेही लिहावं. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस खाडीत गटारांचं आणि शेतांतलं पाणी उतरलेलं असतं, ही सूचनाही तिथेच असावी. जागेची अडचण असेल, तर ठिपक्यांचा रकाना काढून टाकता येईल.

कळावे,

आपला एक वाचक