गणपतीला गावी येण्याआधी ठरवायच्या गोष्टी

गुहागर,
९ ऑगस्ट २०२१

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे १० सप्टेंबरच्या गणपतीला गावी येणार आणि घरात काका-काकी दोघंच, म्हणून हे पत्र लांबणार आहे. तू फोनवर विचारलंस, "या कोविडच्या दिवसांत घरात कुणाला ताप आला तर काय करायचं?" माझं म्हणणं असं की हा निर्णय तापाच्या दिवशी घ्यायचाच नाही. त्या दिवशी घरात चार जणांची चार मतं असतात, फोनला रेंज नसते, लाइट गेलेली असते, आणि शेवटी "सकाळपर्यंत बघू" यावर सगळे झोपतात. आपल्याकडे ती एक रात्र महागात पडते. म्हणून ऑक्सिजनच्या कुठल्या आकड्याला रुग्णालयासाठी घर सोडायचं, गाडी कुणाची, उचलायला कोण, हे आत्ताच ठरव आणि कागदावर लिहून काकींच्या फडताळाला चिकटव.

आधी लशीचं, कारण त्याला तारीख आहे. यंदाच्या (२०२१च्या) नियमाप्रमाणे कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस जावे लागतात आणि दुसऱ्या डोसानंतर साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण नीट उभं राहतं. म्हणजे गणपतीपर्यंत ते हवं असेल तर दुसरा डोस २७ ऑगस्टच्या आत व्हायला हवा, आणि त्यासाठी पहिला ४ जूनपर्यंत झालेला असायला हवा. काकींचं कार्ड बघ. "मला शुगर आहे, बीपी आहे, म्हणून लस नको" असं त्या म्हणत असतील तर त्यांना सांग की शुगर आणि बीपी असलेल्यांनीच ती आधी घ्यायची, कारण कोविड त्यांच्यातच जास्त बिघडतो. काकांची रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लस देणाऱ्या सिस्टरला आधी सांगायचं आणि सुईची जागा चोळायची नाही, चांगली पाच मिनिटं दाबून धरायची. लशीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो लशीचा समजून बसू नका, तपासणी करा.

आता मुख्य गोष्ट, रुग्णालयापर्यंतचं अंतर. सरकारी नियमाप्रमाणे रक्तातला ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटर यंत्रावर दिसतो तो) ९४ टक्के किंवा वर असेल तर आजार सौम्य, ९० ते ९३ मध्यम, ९० च्या खाली गंभीर. डोंबिवलीत रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर असतं, तिथे ९३ ला निघालं तरी चालून जातं. तुमच्या गावच्या घरापासून पाखाडीच्या पायऱ्या उतरायच्या, गाडी बोलवायची, गुहागरला यायचं, तिथे खाट किंवा ऑक्सिजन नसेल तर पुढे घाटरस्त्याने चिपळूण. दोन-अडीच तास सहज जातात, आणि तेवढ्यात ९३ चे ८८ होऊ शकतात. म्हणून तुमच्या घराचा आकडा ९४. पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा ९४ किंवा खाली आला की गाडी सांगायची. रात्रीचे अकरा वाजले असले तरी. १०८ ला फोन लावायचाच, पण गावातली एक गाडी आणि तिचा चालक आधी बोलून ठेव. तो मास्क लावून, काचा उघड्या ठेवून न्यायला तयार आहे का, हेही विचारून घे. आयत्या वेळी नकार आला तर फार हाल होतात.

आणि पाखाडी. हे कुणी सांगत नाही, पण ऑक्सिजन कमी झालेल्या माणसाला पायऱ्या चढायला-उतरायला लावलं तर बसल्या जागी ९२ असलेला आकडा वाटेतच ८५ च्या खाली जाऊ शकतो. काका कितीही म्हणाले "मी चालतो", तरी त्यांना हात असलेल्या खुर्चीत बसवून, कमरेला पंचा बांधून, चौघांनी उतरवायचं. ते चौघे कोण, त्यांची नावं कागदावर हवीत. वाडीत आता तरणी माणसं किती उरली आहेत ते तुला ठाऊक आहे.

आकडा मोजण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटं शांत बसायचं. हात गार असतील तर चोळून गरम करायचे. पावसाळ्यात भांडी घासून किंवा मासळी साफ करून आलेल्या हातावर आकडा हमखास कमी येतो. बोटाला नेलपॉलिश नको. हरतालिकेची गडद मेंदी बोटांवर असेल तरी यंत्र गोंधळतं, म्हणून वहिनींना सांग, दोन्ही हातांचं एकेक बोट तरी कोरं ठेवा. मधलं किंवा तर्जनी, हात छातीच्या उंचीला, उन्हात बसायचं नाही, बोलायचं नाही. निदान एक मिनिट थांबायचं आणि आकडा स्थिर झाला की तोच लिहायचा. पहिल्या पाच सेकंदांत दिसतो तो आकडा खरा नव्हे. घरगुती यंत्रात दोनाचा फरक पडू शकतो, आणि सावळ्या कातडीवर ते प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून एका आकड्यापेक्षा आकडे कुठे चाललेत ते महत्त्वाचं. ९८, ९७, ९५ अशी तीन दिवसांची उतरंड मला सलग ९५ पेक्षा जास्त काळजीची वाटते. आत्ताच सगळे धडधाकट असताना प्रत्येकाचा आकडा मोजून ठेव, म्हणजे कुणाचा नेहमीचा किती ते कळेल. वापर झाला की सेल काढून ठेवायचे, आपल्या दमट हवेत ते पाझरतात.

दिवसातून चार वेळा मोजा आणि जोडीला चालून बघा. बसून मोजायचं, मग यंत्र बोटाला ठेवून सपाट ओटीवर सहा मिनिटं चालायचं. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं पुरे. चालल्यावर आकडा तीनने किंवा जास्त उतरला, ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली, तर बसून ९६ असला तरी तो माणूस ठीक नाही. बसूनच ९४ च्या खाली असेल तर चालवायचं नाही. पहिलं लक्षण दिसलं तो पहिला दिवस धरून मोजायचं. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायचं. नेमका याच काळात ताप उतरतो, माणसाला बरं वाटतं आणि घरचे मोजायचं सोडतात. ओठ निळसर, एक वाक्य एका दमात बोलता न येणं, छातीत दुखणं, म्हातारं माणूस गुंगीत जाणं किंवा भलतंच बोलणं, यातलं काही दिसलं तर आकडा न बघता निघायचं.

औषधांबद्दल मी कडक बोलणार आहे. घरी ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत सहा तास. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही मिळून डोस दुप्पट होतो, म्हणून पाकिटावरची नावं वाचायची. स्टिरॉइड पहिल्या-दुसऱ्या दिवशी कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, याचा फायदा ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला त्यांच्यात सिद्ध झालाय. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा दिसलेला नाही, आणि काकींसारख्यांची साखर त्याने भडकते. यंदाच्या काळ्या बुरशीमागे साखर आणि स्टिरॉइड ही जोडी होती, हे विसरू नकोस. अॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही.

मात्र आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमधला प्रत्येक ताप कोविडचा नसतो, आणि मुंबईहून आलेला माणूस इथेच फसतो. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर चिखल आणि उंदीर दोन्ही वाढले. काका बेणणीला, म्हणजे तण काढायला, अनवाणी शेतात उतरत असतील, टाचा फुटलेल्या असतील, तर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आधी आठवायचा. पोटऱ्या हात लावू देणार नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत, पुढे कावीळ दिसते आणि लघवी कमी होते. पाण्यात उतरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस जातात, म्हणून डॉक्टरला "दोन आठवड्यांपूर्वी शेतात होते" हे आपणहून सांगायचं. लेप्टोवर डॉक्सीसायक्लिन चालतं, लवकर दिलं तर फारच चांगलं. चिखलात काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम प्रतिबंधक म्हणूनही देतात. काकांसाठी आरोग्य केंद्रात विचार. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सीसायक्लिनची गोळी द्यायची नाही. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

डेंग्यूही असू शकतो. म्हणून ताप आला की आयब्युप्रोफेन नको आणि अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन तर मुळीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोविडची चाचणी, रक्ताची पेशीगणना, मलेरिया आणि पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ चाचणी, एवढं एकाच खेपेत करून घ्यायचं. कोविडची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर खरी मानायची. लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच.

मंडळाने वाडीसाठी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, घेतलाय म्हणालास. चांगलं केलंत, पण त्याच्या भरवशावर माणूस घरी ठेवायचा नाही. गाडी येईपर्यंतचा आधार एवढाच त्याचा उपयोग. मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट खातं. १५० एएचच्या बॅटरीवर इन्व्हर्टर ते तीन-साडेतीन तास चालवेल, तेही पंखे-दिवे बंद ठेवून. मे महिन्यातल्या वादळात लाइट किती काळ नव्हती ते आठव. म्हणून सोबत दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर हवा. मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने तो बारा तास पुरतो, पाचच्या वेगाने पाचच तास. कॉन्सन्ट्रेटर कोपऱ्यात पडून राहिलं तर आतलं ऑक्सिजन वेगळा करणारं झिओलाइट दमट हवेने खराब होतं, मग ते सुरू होतं पण ऑक्सिजन पातळ देतं. महिन्यातून एकदा तासभर चालवा, फिल्टर धुवा. त्याच्या पाण्याच्या बाटलीत पाणी घालायचं ते आधी उकळून गार केलेलं, रोज बदलून.

गाडीची वाट बघताना ऑक्सिजन उतरलेल्या माणसाला पालथं झोपवायचं. मानेखाली एक उशी, छातीपासून मांडीपर्यंत एक-दोन, नडग्यांखाली दोन. अर्ध्या तासाने उजव्या कुशीवर, मग टेकून बसवून, मग डाव्या कुशीवर. जेवणानंतर तासभर नाही, गरोदर बाईला नाही, हृदयाचा मोठा आजार असलेल्याला नाही.

आता तुमचं येणं. संसर्ग झाल्यावर लक्षणं बहुधा चार-पाच दिवसांनी दिसतात. ८ तारखेला गाडीत बसलास आणि वाटेत लागण झाली, तर ती नेमकी गौरी जेवतात त्या दिवसांत बाहेर येईल. निघण्याआधीची निगेटिव्ह चाचणी प्रवासातल्या लागणीबद्दल काहीच सांगत नाही. शक्य असेल तर ३ तारखेलाच ये. पहिले पाच दिवस तुम्ही पडवीत झोपा, जेवा, मग चाचणी करून माजघरात जा. रजा मिळत नसेल आणि ९ लाच पोचणार असशील, तर पडवी शेवटपर्यंत सोडायची नाही आणि काकींसमोर मास्क काढायचा नाही. एन-९५ धुवायचा नाही, धुतला की कण पकडणारा त्यातला विद्युतभार जातो. भिजला तर टाकायचा.

आरत्यांचं मन घट्ट करून ठरव. वीस माणसं तोंड उघडून गात एका रात्रीत दहा घरांच्या बंद माजघरांत फिरतात, विषाणूला याहून सोपी वाट नाही. यंदा प्रत्येकाने आपल्या घरची आरती करावी. भजन खळ्यात मांडव घालून करा, आणि नंतरची चहा-करंजी हातात द्या, पंगत मांडू नका. काका रागावतील. त्यांच्याशी आधी तू बोल, गावकीच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकायला मिळालं तर ते दुखावतील.

काका-काकींची लशीची कार्डं आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मला या आठवड्यात पाठव. कुठली गोळी कशासोबत चालणार नाही ते मी लिहून कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन