बुध्याचे नाव काय?

महोदय,

होळी सरली की सातपुड्यातल्या बुध्यांची, म्हणजे नवस बोलून, अंग रंगवून होळीत नाचणाऱ्या आदिवासी पुरुषांची, छायाचित्रे आधी वृत्तपत्रांत आणि पुढे कलादालनांत झळकू लागतात. गेल्या महिन्यात अशाच एका प्रदर्शनात मी तासभर रेंगाळलो. छायाचित्रे देखणी होती, हे मोकळेपणाने मान्य करतो. एका चित्रात गालावरचा पांढरा ठिपका वाळून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून ओघळणारा घामाचा थेंबही स्पष्ट दिसत होता. मात्र चौकटीखाली छायाचित्रकाराचे नाव होते, कागदाचा प्रकार होता, किंमत होती. ज्याचा तो चेहरा, त्याच्याविषयी ‘आदिवासी पुरुष, सातपुडा’ एवढेच.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या राजवाडी होळीत बुध्या होणे ही हौसेची वेशभूषा नव्हे. नवस बोललेला माणूस खाटेवर न झोपता, ब्रह्मचर्य पाळून काही दिवस कडक नेम धरतो. मग अंगभर नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवून, कंबरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू बांधून रात्रभर नाचतो, तेव्हा कुठे पहाटे होळी पेटते. त्याला काळ्या पडद्यापुढे उभे करून छातीपर्यंतच चौकट धरली की भोपळे बाहेर राहतात, चित्र कृष्णधवल केले की मोरपिसांचा रंग जातो, आणि नवसाचा तर मागमूसही उरत नाही. ठिपके ठसठशीत दिसावेत म्हणून ते पुन्हा काढायला सांगणारे छायाचित्रकारही मी पाहिले आहेत. नेमातल्या माणसाला असे सांगवते तरी कसे?

ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड छापले, त्यांत बहुतेक माणसे केवळ जमातीचा नमुना म्हणून आली. राज्यकर्त्यांना तेव्हा प्रजेची मोजदाद हवी होती. नंदुरबारच्या माणसाचे नाव त्यालाच विचारून घेणे आपल्याला का जड जावे?

छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नकार मिळाल्यास कॅमेरा खाली ठेवावा, छापील प्रत त्याच्या पाड्यावर पोहोचवावी आणि चित्र विकले गेल्यास त्यातला वाटा त्यालाही द्यावा. आपल्या वृत्तपत्रानेही येत्या होळीपासून बुध्याच्या छायाचित्राखाली, त्याची हरकत नसेल तर, त्याचे नाव आणि गाव छापावे, ही विनंती.

— एक वाचक, धुळे