‘सूर्य’ला अडलेला मुलगा आणि आमचं बी.एड.

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी बी.एड. कॉलेजात मराठीची अध्यापन पद्धती शिकवते. गेल्या छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, माझी एक विद्यार्थिनी सहावीवर कवितेचा पाठ घेत होती. टाचण चोख होतं. प्रस्तावना, हेतुकथन, आदर्श प्रकटवाचन, रसग्रहणाचे प्रश्न, सगळं जागच्या जागी. मागच्या बाकावरच्या मुलाला तिनं एक कडवं वाचायला सांगितलं. ‘सूर्य’शी तो थांबला, मग हळूच ‘सूय’ म्हणाला. डोक्यावरचा रफार त्याला दिसत होता, पण तो कधी उच्चारायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं ‘बस’ म्हटलं आणि पुढच्याला उठवलं. मी दहापैकी आठ गुण दिले. आमच्या गुणदान तक्त्यात त्या मुलासाठी रकानाच नाही.

पाठ झाल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, मी तिथं काय करायला हवं होतं?” मला नीट सांगता आलं नाही. माझ्या बी.एड.लाही हे नव्हतं आणि एम.एड.लाही.

साहेब, आपली लिपी आपल्याला इतकी अंगवळणी पडलीय की तिच्यातल्या अडचणी दिसेनाशा झाल्यात. एकच ‘र’ पर्वतात डोक्यावर बसतो, प्रकाशात पायाशी तिरका येतो, राष्ट्रात काकपदासारखा (^ या खुणेसारखा) खाली जातो आणि पुऱ्यांमध्ये आणखीच वेगळा दिसतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. ‘चंद्र’ आणि ‘चांदोबा’ यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. मूल नेमकं यातल्या कशावर अडलंय हे ओळखणं ही विद्या आहे, नुसती माया पुरत नाही. आणि मेळघाटात, भामरागडात तर मुलाच्या घरची भाषा कोरकू किंवा माडिया. त्या मराठीच्या भाषाकुळातल्याही नाहीत. तिथं जाणाऱ्या शिक्षकाला आम्ही मराठी ‘मातृभाषा’ म्हणून शिकवायला तयार करतो.

‘अक्षरओळख हा डी.एल.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचा विषय’ असं उत्तर मला मिळालेलं आहे. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वाले पहिली ते पाचवीला पात्र नाहीत, हे खरं. २०२१ च्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानाचं लक्ष्यही तिसरीपर्यंतच्या मुलांचं. पण तिसरीत राहून गेलेलं मूल सहावीत येतंच ना? तिथं त्याच्यासमोर माझी विद्यार्थिनी उभी असते, हातात रसग्रहण घेऊन.

कागदावर अगदीच काही नाही असं नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, सर्व विषयांतून भाषा पाहण्याचा निम्मा पेपर आला, मजकूर वाचून त्यावर विचार करण्याचं प्रात्यक्षिक आलं. आमच्याकडे ते पुस्तक परीक्षणावर भागतं. (परीक्षणं बहुतेक एकाच वहीतून उतरलेली असतात, हेही सांगून टाकते.)

म्हणून मागणी एवढीच. दुसऱ्या वर्षाच्या १६ आठवड्यांच्या छात्रसेवाकालात प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकानं, मग त्याची पद्धती इतिहास असो की विज्ञान, वाचनात अडणाऱ्या एका मुलासोबत आठवड्यातून दोनदा अर्धा तास बसावं. काय वाचलं, कुठं अडलं, आपण काय केलं, याची वही ठेवावी. त्या वहीला वार्षिक परीक्षेच्या पाठाइतके गुण असावेत. विद्यापीठांना आपण हे सुचवू शकता. यासाठी इमारत लागत नाही, टॅबलेट तर मुळीच नको.

खर्च करायचाच असेल तर तो आमच्यावर करा. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत प्रारंभिक वाचनासाठी आयुष्य वेचलं. ‘गमभन’सारखे अक्षरगट घेऊन पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती अर्थाचे शब्द देणारे शिक्षकही राज्यात आहेत. अशा ठिकाणी आम्हा प्राध्यापकांना पंधरा दिवस विद्यार्थी म्हणून बसवा. आमच्यातले काही कुरकुर करतील. करू देत.

त्या विद्यार्थिनीनं उरलेले दिवस मधल्या सुट्टीत त्या मुलाला घेऊन बसायला सुरुवात केली, कुणी न सांगता. तिच्या वहीतली शेवटची नोंद अशी: “आज ‘पर्वत’ आपणहून वाचलं. ‘सूर्य’ही. ‘राष्ट्र’ अजून नाही.” या वहीला गुण द्यायची सोय नसल्यामुळे तिची झेरॉक्स, मुलाचं नाव खोडून, पत्रासोबत जोडली आहे.

आपली,
मराठी अध्यापन पद्धतीची एक प्राध्यापिका